बावड्याकडचे दोन हिवाळे

गगनबावड्याकडं राहायला जायचं ठरलं ते जेवणाच्या ताटावर. सत्तरच्या दशकातली गोष्ट, आम्ही तेव्हा शिरोळला होतो. त्या वर्षी कृष्णेचं पाणी आमच्या परड्यापर्यंत आलं होतं आणि उभा ऊस कुजला होता. पाणी उतरल्यावर नवऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं भांडण पेटलं ते मात्र उतरायचं नाव घेईना. निमित्त बांधाचं होतं, खरं कारण दोघांच्या स्वभावात होतं. नवऱ्यानं आपली वाटणी रागाच्या भरात विकून टाकली. मग एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बावड्याच्या अलीकडं दहा एकर घेतलीय. तुझ्या नावावर केलीय, दादा उद्या दावा लावंल न्हाईतर. आवरायला लाग."

"बघून आलासा का?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात? थंड हवा, बारमाही झरा. मोठी मोठी लोकं हवा खायला जात्यात तितं."

"कोण लोकं?"

"तू आवर."

माझं माहेर पेठ वडगाव. लग्न होऊन शिरोळला आले. दोन्हीकडं सपाट काळी जमीन आणि डोक्यावर मोकळं आभाळ. थंडी म्हणजे पौषात आठ-पंधरा दिवस शेकोटी आणि अंगावर एक वाकळ, एवढंच मला ठाऊक. त्या हिशेबानंच मी सामान बांधलं. जुन्या लुगड्यांच्या चार वाकळा, ज्वारीची पोती, लग्नातला लाकडी पलंग, ट्रंका, भांडी. तिकडं काय लागतं हे विचारावं असं ओळखीचं तिकडं कुणी नव्हतं. आणि कुणाला काही विचारायचं म्हणजे नवऱ्याला कमीपणा वाटायचा. सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोन दुभत्या म्हशी टेंपोत आणि सहा वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर, असे आम्ही दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी निघालो.

कोल्हापूर मागं पडलं, वाटेतलं कळं गाव मागं पडलं आणि रस्ता दोन डोंगरांच्या मधून वर चढायला लागला. आम्ही पोचलो तेव्हा चारच वाजले होते, पण ऊन डोंगराआड गेलं होतं. ट्रॉलीतून उतरले तर जमिनीतूनच गारठा पायात शिरला. मुलगी म्हणाली, "आई, दात वाजायलेत."

जमिनीवर घर आहे असं नवऱ्याला सांगितलेलं होतं. घर होतं. चार भिंती होत्या, चौकट होती, वासे होते. वर कौलं नव्हती. एक नाही. कुणीतरी नीट, एकेक करून उतरवून नेली होती. वीस पावलांवर दुसरं घर होतं, त्याच्या परड्यात कौलांची चळत लावून ठेवलेली दिसत होती. त्या घराच्या कट्ट्यावर घोंगडं पांघरून एक म्हातारा बसला होता. आमच्याकडं बघत होता, उठत नव्हता.

नवरा त्याच्याकडं गेला. मी ट्रॉलीजवळून ऐकत होते.

"रामराम. आमच्या घरावरची कौलं कुणी काढली?"

"कौलं आमची हुती," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, "पावणं, कवा जाणार?"

"पावणं न्हवं. आम्ही ऱ्हायाला आलोय."

"त्ये झालं. पर जाणार कवा?"

ती पहिली रात्र आम्ही ट्रॉलीवरची ताडपत्री वाशांवर टाकून काढली. दुसऱ्या दिवशी नवरा कोल्हापूरला जाऊन पत्रे घेऊन आला. कौलं घालायची तर माणसं लागतात आणि त्या गावातलं एक माणूस आमच्या कामाला येईना. पत्रा दोघांत बसवता येतो. मी खालून धरला, त्यानं वरून ठोकला.

आमच्यावर हा राग कशाचा ते मला चार दिवसांनी झऱ्यावर कळलं. शेजारच्या म्हाताऱ्याची बायको पाणी भरत होती. पन्नाशीची असेल, काटक, कपाळावर मोठं गोंदण. बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून मी आपणहून म्हणाले, "मावशी, उन्हाळ्यात ह्यो झरा आटत न्हाई न्हवं?"

"मावशी म्हनू नगंस. तुझी मावशी शिरोळात ऱ्हाती."

तिनं घागर भरली, कडेवर घेतली आणि मग जायच्या वेळी एकदम बोलायला लागली. "माझ्या सासऱ्यानं पहारीनं खडक फोडून ती खाचरं केली. मी लगीन होऊन आल्याली तवापास्नं तितं भात लावलंय. तीन पोरं त्या बांधावर निजवून लावलंय. कागदावर आमचं नाव कवा लागलंच न्हाई. कोल्हापुरातल्या मालकानं कुटं तरी एक सही केली, आन् तू पलंग घिऊन आलीस."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो पत्र्याला खिळा ठोकत होता. म्हणाला, "कागद आपल्याकडं हाय." आणि ठोकत राहिला.

त्या दिवसापासून मला लोकांचा राग कळत होता आणि तरी त्यांचा राग यायचा. त्या गावात आम्हाला कुणी मारलं नाही की धमकी दिली नाही. त्यांनी फक्त आम्हाला काही सांगितलं नाही. अशा गारठ्याच्या गावात नवीन माणसाला शंभर गोष्टी सांगाव्या लागतात. घराचं तोंड कुठं असावं, धान्य कशात ठेवावं, जनावर कुठं बांधावं. त्यातली एकही आम्हाला कळू नये असं जणू सगळ्या गावानं ठरवलं होतं. दुकानात गेलं की बोलणं बंद व्हायचं. दुकानदार काडेपेटी हातात ठेवायचा आणि मी उंबऱ्याबाहेर पडायची वाट बघायचा.

पौष लागला. चुलीची वाफ आणि आमच्या तिघांचे श्वास रात्रभर पत्र्याला लागायचे आणि पहाटे त्याचं पाणी होऊन अंथरुणावर टपटपायचं. बाहेर कोरडं आभाळ आणि घरात पाऊस. वाकळा ओल्या झाल्या की सुकायला दोन दिवस लागायचे, कारण ऊन यायचं दहाला आणि जायचं चारला. माझ्या हातांना भेगा पडल्या, पीठ मळताना त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुधाला विरजण लागेना. तीन-तीन दिवस दूध नुसतं आंबूस होऊन पडायचं. मी म्हशींना दोष दिला, भांड्याला दोष दिला. थंडीनं दही लागत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गावात सगळ्यांची जनावरं घरातच असायची. दारातून आत गेलं की आधी म्हशी, मग एक आडवा वासा आणि पलीकडं चूल आणि माणसं. मला त्याची शिसारी यायची. आम्ही घरापासून लांब पत्र्याचा गोठा केला, तीन बाजू उघड्या, शिरोळसारखा हवेशीर. एकदा झऱ्यावर बायका होत्या तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडं जनावरं गोठ्यात असत्यात आन् माणसं घरात."

शेजारणीनं माझ्याकडं वर मान करून बघितलं. "बरं," म्हणाली.

थोरली म्हैस त्यानंतर दहा-बारा दिवसांत गेली. आधी दूध आटलं, मग खाणं सुटलं, नाकातून पाणी, मग बसली ती उठलीच नाही. बावड्याहून गुरांचा डॉक्टर येईपर्यंत तिनं डोळे फिरवले होते. नवरा खड्डा खणायला माणसं बघायला दुसऱ्या गावाला गेला. मी म्हशीजवळ बसले होते. माझ्या वडिलांनी वडगावच्या बाजारातून पारखून दिलेली म्हैस. बांधावर शेजारीण येऊन उभी राहिली.

"तीन रात्री थरथरत हुती," ती म्हणाली. "पाठीवर बारदान न्हाई, काय न्हाई. हितनं दिसत हुतं मला."

"मग सांगायचं न्हाई?"

"का सांगू?"

मी उठून तिच्या अंगावर धावून गेले. जे तोंडाला येईल ते बोलले. तिच्या मेलेल्या माणसांपर्यंत गेले. ती हलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "दुसरी तरी घरात घे," आणि पदर खोचून निघून गेली.

मी दुसरी म्हैस घरात घेतली नाही. तिनं सांगितलं म्हणूनच घेतली नाही. गोठ्याला तीन बाजूंनी बारदानं लावली, तिच्या पाठीवर माझी एक वाकळ बांधली आणि ती कशीबशी जगली.

नवऱ्यानं म्हशीचा दोष मला दिला. मी त्याला भावाशी भांडून इथं आणल्याचा दोष दिला. त्या घरात दोन खोल्या असत्या तर आम्ही वेगवेगळ्या खोलीत राहिलो असतो. एकच होती, म्हणून एकाच चुलीशी पाठीला पाठ लावून बसायचो. त्यानं हट्टानं दोन एकर ऊस लावला. शिरोळच्या माणसाला दुसरं काय सुचणार? गुडघ्याएवढा झाला तेव्हा जंगलातून गवे आले आणि एका रात्रीत सपाट करून गेले. सकाळी गावातली माणसं बघायला आली. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. एकजण नुसतं म्हणाला, "ऊस व्हय!" आणि सगळे परत गेले.

फाल्गुन-चैत्रात गावातल्या बायका रोज डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन जंगलातून यायच्या. प्रत्येक घरामागं छपरात लाकडाची रास वाढत होती, बाजूला शेणी रचून त्यांचे हुडवे लिंपले जात होते. मी ते बघत होते. मला वाटलं, विकायला साठवतात. माझ्याकडं पंधरा दिवसांची लाकडं होती आणि मला ती भरपूर वाटत होती. शिरोळला काय, ऊस आहे, पाचट आहे, बांधावर झाड आहे. लागेल तेव्हा आणायचं.

ज्येष्ठात पाऊस आला तो थांबलाच नाही. आठवडाआठवडा सूर्य नाही. ढग दारातून आत यायचे, खरंच यायचे, चुलीच्या उजेडात पांढरे दिसायचे. थंडी फक्त हिवाळ्यात असते असं मी समजत होते. ही पावसातली थंडी वेगळीच होती. हिवाळ्यातली चावायची आणि दुपारी सोडायची. ही सोडायचीच नाही. मिठाचं पाणी झालं, गुळाचा काला झाला, काड्या ओढल्या की गुल निघून यायचा. ज्वारीच्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं. मोड आले होते.

आषाढाच्या मध्यावर लाकडं संपली. जंगलातून आणलेली ओली फांदी चुलीत घातली की फसफसायची आणि घरभर धूर व्हायचा. मी आधी ट्रंकेखालच्या फळ्या जाळल्या. मग पाट जाळले. मग एक दिवस नवरा बाहेर असताना कोयता घेऊन पलंग फोडला.

तो जेवून उठला आणि मग त्याच्या लक्षात आलं. "पलंग कुठाय?"

"आत्ताच खाल्लासा की," मी म्हणाले.

त्यानं हात उगारला. मारलं नाही. पण उगारलेला हात मी विसरले नाही, आणि तोही विसरला नसावा, कारण नंतर दोन दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

पलंग आठ दिवस पुरला. त्यानंतर मुलीला ताप आला. छाती भरली, खोकताना ओठ निळसर व्हायचे. बावड्याचा रस्ता मधल्या ओढ्यानं तोडला होता. गरम पाणी पाजायचं, वाफ द्यायची, शेकायचं, सगळ्याला विस्तव पाहिजे आणि घरात जाळायला उरलं होतं एक उखळ. नवरा ओढ्याला उतार मिळतो का ते बघायला गेला होता. दुपारची वेळ. शेजारच्या घरातली सगळी माणसं दुसऱ्यांच्या खाचरात रोपं लावायला गेलेली. इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या बायका मला दारातून दिसत होत्या. मी डोक्यावर पोतं घेतलं आणि त्यांच्या घरामागच्या छपरात शिरले.

रास माझ्या डोक्याच्या वर होती. हात लावला तर लाकूड कोरडं. त्या दिवसांत कोरडी वस्तू मी विसरलेच होते. हाताला येईल ते खालचं एक लाकूड मी ओढायला लागले.

"खालनं वडायलीस?"

मागं शेजारीण उभी होती. भाकरी न्यायला आली असावी. इरल्यावरून पाणी गळत होतं, गुडघ्यापर्यंत चिखल.

"रास अंगावर आली आसती म्हंजे? मेली आसतीस की हितं! आन् त्ये ओलं हाय, औंदा तोडल्यालं. वरचं घे. गेल्या सालचं वर हाय."

मी तशीच उभी राहिले.

"चोर हाईस तू," ती म्हणाली. "आदी जिमीन, आता लाकडं."

"पोरगी तापलीय."

"मग रडतीस काय हितं हुबी ऱ्हाऊन? काढ की लवकर!"

तिनंच वर हात घालून लाकडं काढली, माझ्या हातांवर रचली आणि माझ्या पुढं चालायला लागली. माझ्याच घरात माझ्या आधी शिरली. आम्ही तिथं राहायला आल्यापासून आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणारं ते पहिलं माणूस. आत आल्या आल्या तिनं चौफेर बघितलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"चूल दारासमोर मांडलीयास? सगळी ऊब भाईर जाती की. पश्चिमच्या भिताडाला पेंढ्याची झड न्हाई, भीत पानी पिऊन बसलीय. पत्र्याखाली गवात घालायचं कुनी सांगितलं न्हाई तुला?"

"कोण सांगणार?" मी ओरडले. "कोण सांगणार हितं?"

ती मुलीजवळ बसली, तिच्या छातीवर हात ठेवला, अंगावरची वाकळ चिमटीत धरून बघितली आणि फेकून दिली. "ह्यात पोरगी मरंल. सूत पानी धरतंय. लोकर धरत न्हाई." उठून गेली. घटकाभरानं परत आली, तिच्या हातात धुराचा वास येणारं काळं घोंगडं होतं. ते तिनं दारातूनच आत टाकलं. "बरी झाली की परत आनून दे. धुऊन देऊ नगंस, वाळायचं न्हाई."

नवरा संध्याकाळी आला. घोंगडं बघून म्हणाला, "त्येंच्या दारात गेलतीस?"

"चोरी करायला गेलते," मी म्हणाले. "हात लावून बघा त्या घोंगड्याला. हात तोडीन."

मुलगी अकराव्या दिवशी उठून बसली.

यावरून आमची मैत्री झाली असं कुणी समजू नये. घोंगडं परत द्यायला गेले तेव्हा शेजारणीनं मला कट्ट्यावर बस म्हटलं नाही. भाद्रपदात तिनं आपली जनावरं आमच्या नाचणीत सोडली. मी तिची रेडी पकडून खांबाला बांधून ठेवली, तिनं माझ्या दारात येऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल असा माझ्या खानदानाचा उद्धार केला. बांधावरून तिचा म्हातारा आणि माझा नवरा यांची मारामारी झाली, नवऱ्याचा दात पडला, म्हाताऱ्याचं मनगट सुजलं. हे सगळं चालूच होतं. पण मी लाकडं रचायला लागले की ती आपल्या परड्यातून ओरडायची. "साल वर कर, साल! साल खाली केलीस तर पानी आत ऱ्हातंय." मी साल वर करायची. "मदी हात जाईल एवडी फट सोड, वारं फिराय नगं?" मी फट सोडायची. "विरजान राखंत पूर, येडे, चुलीच्या राखंत!" चांगला शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. शिव्यांमधून शिकवण वेचून घ्यायची मला सवय लागली. मीही तिला उलट बोलायची. त्या उलट बोलण्यात एक दिवस मला कळलं की मी तिच्यासारखंच बोलायला लागले आहे, तेच हेल, तेच शब्द.

दुसरा हिवाळा आला तेव्हा मी तयार होते. म्हैस घरात घेतली होती. पहिले चार दिवस वासानं झोप आली नाही. पाचव्या दिवशी पहाटे जाग आली तर पाय गरम होते. पत्र्याखाली गवताचा हातभर थर घातला होता, त्यामुळं पाणी ठिबकायचं बंद झालं होतं. चूल आतल्या कोपऱ्यात नेली होती, तिच्यावर बांबूची ताटी टांगून त्यात मीठ, काड्या, नाचणी. धनगरांकडून नाचणीच्या बदल्यात तीन घोंगडी घेतली होती. मागं माझी स्वतःची लाकडाची रास होती, डोक्याएवढी. ती बघायला मी उगाचच मागच्या दारी जायची.

आणि नेमकी तेव्हा नवऱ्याची तब्येत ढासळली. पावसाळ्यातच त्याला दम लागायला लागला होता. थंडीत तो पहाटे उठून बसायचा, गुडघ्यांवर हात टेकून, श्वास ओढत. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मी त्याला कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "ह्या हवेत राहाल तर पन्नाशी बघणार नाही. खाली या."

परत येताना एसटीत तो म्हणाला, "इकून टाकूया. कोल्हापुरातल्या एका व्यापाऱ्याला बंगला बांधायचाय, हवा खायला यायला. तो लगेच तयार हाय."

म्हणजे हे त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. इथं येताना मला विचारलं नव्हतं, जातानाही विचारत नव्हता.

"शेजारच्यांना द्यायची," मी म्हणाले.

"ज्येनी माझा दात पाडला त्येंना?"

"त्येंनाच."

"येड लागलंय तुला? त्यो व्यापारी किती जास्त देतोय ठाऊक हाय का?"

"जमीन माझ्या नावावर हाय. दुसऱ्या कुणाच्या कागदावर मी सही करणार न्हाई."

एसटीत माणसं होती म्हणून तो ओरडला नाही. घरी आल्यावर ओरडला. पंधरा दिवस ओरडला. दिरांना निरोप पाठवून त्यांच्याकडून मला समज देववली. ज्या भावाच्या भीतीनं जमीन माझ्या नावावर केली, त्याच भावाला माझ्याविरुद्ध मदतीला बोलावलं. मी फक्त लाकडं फोडत होते, म्हशीचं बघत होते आणि नाही म्हणत होते.

मग मी शेजारणीच्या दारात गेले. ती भात कांडत होती.

"आम्ही चाललो. जमीन घेता काय?"

मुसळ थांबलं नाही. "आमचीच हाय. घिऊ कशी?"

"कागदावर माझी हाय."

"कागूद!" ती म्हणाली आणि आणखी दहा-बारा घाव घातले. मग मुसळ भिंतीला टेकवलं आणि घाम पुसत विचारलं, "दुसऱ्या कुनाला देनार हुता?"

"ह्येंनी बघितलाय एकजण. बंगल्यासाठी."

ती आत गेली. नंतरचे दोन दिवस त्यांच्या घरातून म्हाताऱ्याचा, मुलांचा आणि तिचा असा आरडाओरडा ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी म्हातारा बांधापर्यंत आला आणि नवऱ्याकडं न बघता मला म्हणाला, "कवा यायचं हापिसात?"

कागद झाला त्या दिवशी आम्ही सगळे एकाच एसटीनं बावड्याला गेलो, ते पुढं बसले, आम्ही मागं. कचेरीत म्हाताऱ्यानं अंगठा दिला. मी सही केली. कारकुनानं म्हाताऱ्याचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं कारकुनाला ते नाव परत वाचायला लावलं. मग बाहेर आल्यावर माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. दोन हिवाळे आणि एक पावसाळा मी तिच्या तोंडच्या एका चांगल्या शब्दाची वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"आवसंच्या आत घर मोकळं कर," ती म्हणाली. "आमास्नी भाताच्या तरव्याची जिमीन भाजायची हाय."

मी खाली बघून हो म्हणाले.

अमावास्येच्या दोन दिवस आधी आम्ही सामान हलवलं. या वेळी पलंग नव्हता, ज्वारी नव्हती. म्हैस तिथंच त्यांना दिली, कारण कोल्हापुरात आम्हाला मिळालेल्या एका खोलीत ती राहणार कुठं? गाडी निघाली तेव्हा शेजारीण परड्यात पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. गाडी रस्त्याला लागली आणि मला इतकं रडू आलं की मुलगी घाबरली. नवऱ्याला वाटलं, जमीन गेली म्हणून रडते. म्हणाला, "आता रडून काय उपेग?" मी त्याच्याकडं पाठ केली.

कोल्हापुरात नवऱ्याला मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत काम मिळालं. दम कमी झाला. वर्षभरानं तो जिना एका दमात चढायला लागला. आमचं बोलणं मात्र कामापुरतंच चालायचं. एका रविवारी दुपारी तो खिडकीत बसला होता, मी तांदूळ निवडत होते.

"त्या बाईची दया आली व्हय तुला?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी खरं ते सांगितलं. "निम्मी तिची आली असंल. निम्मा तुमच्यावर राग हुता."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. खाली रस्त्यावर दुधाच्या म्हशी चालल्या होत्या, एकीच्या शिंगांना लाल रंग दिला होता.

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला, आणि पुढं सरकून माझ्या सुपातले खडे वेचायला लागला. त्याला ते नीट येत नव्हतं. चांगले दाणेही तो खड्यांबरोबर टाकत होता. मी ते उचलून परत सुपात टाकत होते.